घरच्या घरी व्हाइटबोर्ड, अर्थात धूळपाटीची गोष्ट

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर एका टीममेटने विचारलं, "तुझ्या मागे तो फळा दिसतो तो कुठून घेतलास? लिंक पाठव ना." लिंक नाहीये. तो घरी केलेला आहे. कसा केला ते सांगायला बसलो आणि विषय धूळपाटी, मद्रास, दमास्कस असा कुठच्या कुठे गेला. कॉल संपला, विषय संपला नाही. म्हटलं शनिवार आहे, लिहूनच काढू.

तर झालं असं. २०२० च्या जूनमध्ये पुण्याचा भाड्याचा फ्लॅट सोडून मी गावी आलो. गाव म्हणजे श्रीपूर. माळशिरस तालुका, अकलूजजवळ. जिल्हा सोलापूर खरा, पण आम्हाला सोलापूरपेक्षा पंढरपूर जवळ. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट सुरू केली, तिच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढलं. आता इथला साखर कारखाना म्हणजे पांडुरंग सहकारी. गळीत हंगामात हवेत मळीचा वास आणि अंगणात बगॅसची काजळी, हे आमचं नॉर्मल. आजोबा कारखान्यात नोकरीला होते, तेव्हाचं आमचं घर. त्यातली माळ्याखालची खोली मला 'ऑफिस' म्हणून मिळाली.

टेबल होतं, खुर्ची होती, इंटरनेट मूड असेल तसं होतं. फळा नव्हता. ज्यांनी सिस्टिम डिझाइनची कामं केली आहेत त्यांना कळेल, चौकोन आणि बाण काढल्याशिवाय डोकंच चालत नाही. कागदावर होत नाही ते. कागदावर खोडलं की दिसतं, आणि दिसलं की आपण चुकलो हे दिसतं. ऑनलाइन चार बाय तीनचा फळा मागवावा तर "या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध नाही". तालुक्यातली स्टेशनरीची दुकानं अर्धी बंद. जो होता तो इतका छोटा, की त्यावर वाण्याची यादी मावली असती.

मग आपला जुगाड. व्हाइटबोर्ड म्हणजे तरी काय? शाई आत मुरणार नाही असा गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग. चांगल्या महागड्या बोर्डात पोलादाच्या पत्र्यावर काचेचा थर भट्टीत वितळवून बसवलेला असतो, आपल्या इनॅमलच्या वाडग्यासारखा. स्वस्त बोर्डात मेलामाइनचा थर असतो. आणि मेलामाइनचा थर म्हणजे आपला सनमायका! (सनमायका हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही लॅमिनेटला सनमायकाच म्हणतात.) अकलूजच्या प्लायवूडवाल्याकडे पांढरा, ग्लॉसी, एक मिलिमीटरचा आठ बाय चारचा शीट मिळाला. अर्धा मला पुरणार होता, पण अर्धा कोण देतो? मॅट किंवा सुएड फिनिश घेऊ नका, त्यावर लिहिलेलं जन्मभर राहतं. मी खिशात मार्कर घेऊनच गेलो होतो. सॅम्पलच्या तुकड्यावर लिहिलं, पाच मिनिटं थांबलो, रुमालाने पुसलं. दुकानदार बघत राहिला.

इथे थोडं विषयांतर. लॅमिनेटचा शोध फर्निचरसाठी लागलेलाच नाही. १९१३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी कंपनी काढली ती विजेच्या उपकरणांत इन्सुलेटर म्हणून अभ्रकाऐवजी वापरता येईल असा पदार्थ विकायला. अभ्रक म्हणजे मायका. 'फॉर मायका', म्हणून फॉर्मायका. रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाचे थर, उष्णता आणि दाब. जुन्या रेडिओतले तपकिरी सर्किट बोर्ड याच घराण्यातले. म्हणजे आमच्या धंद्यातला बोर्ड आणि भिंतीवरचा बोर्ड चुलत भाऊ निघाले. मला हे कळलं त्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगितलं. कुणालाही काही वाटलं नाही.

असो. बारा एमएमचा प्लाय घरातच होता, जुन्या कपाटाच्या दाराचा. त्याला आणि शीटला, दोन्हींना एसआर लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मग एका कडेने दाबत जायचं. एकदा टेकला की हलत नाही, त्यामुळे दुसरा चान्स नाही. मी हे सगळं व्यवस्थित केलं, भिंतीला टेकवून ठेवलं आणि चार दिवसांत फळा धनुष्यासारखा वाकला. गल्लीतल्या मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, "एकाच बाजूला सनमायका लावल्यावर वाकणारच की ओ. मागून पण लावायला पाहिजे. दोन्हीकडनं ओढ सारखी पडली पाहिजे." बोलल्यावर पटलं. उरलेला अर्धा शीट तिथे कामाला आला. दुसऱ्या प्रयत्नात मिस्त्रींनीच केलं, कडेला अॅल्युमिनियमची पट्टी मारून दिली, चहा घेतला आणि मजुरी घ्यायला तयार होईनात. दिली. सगळं मिळून दुकानातल्या फळ्याच्या निम्म्याहून कमी खर्च आला, वाया गेलेल्या पहिल्या प्रयत्नासकट.

फळा भिंतीवर चढला तेव्हा आज्जी दारात येऊन उभी. तेव्हा तिचं वय नव्वदीच्या आसपास. मी काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ती म्हणाली, "पुसायचंच हाय तर लिहितूस कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मी पुस्तकं उघडली. इंजिनिअर दुसरं काय करणार!

पुसण्यासाठी लिहायचं हे आपल्याकडे फार जुनं आहे. भाषेतच बघा ना. अंकगणिताला संस्कृतात 'पाटीगणित' म्हणतात, श्रीधराच्या ग्रंथाचं नावच ते आहे. पाटीवर करायचं गणित. दुसरं नाव 'धूलिकर्म', धुळीतलं काम. पाटीवर किंवा जमिनीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे लिहायचे, हातचा घेतला की आधीचा आकडा पुसून नवा मांडायचा. दशमान पद्धत अरबांकडे गेली तेव्हा ही पाटीसुद्धा बरोबर गेली. त्यांनी या गणिताला 'हिसाब अल्-तख्त' म्हटलं, म्हणजे तख्त्यावरचा हिशेब, आणि 'हिसाब अल्-गुबार', म्हणजे धुळीतला हिशेब. शब्दाला शब्द. अल्गोरिदम शिकताना आपल्याला अल्-ख्वारिझ्मीचं नाव सांगतात, त्याच्या हाताला धूळ लागायची हे कुणी सांगत नाही.

१०३० च्या सुमारास अल्-बेरुनीने हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं. त्यात नोंद आहे की इथली मुलं शाळेत काळ्या पाट्या वापरतात, आडव्या धरतात, आणि पांढऱ्या पदार्थाने डावीकडून उजवीकडे लिहितात. म्हणजे खडू-फळा! हजार वर्षांपूर्वी! लगेच कॉलर ताठ करू नका. त्या पाट्या कुणाच्या मुलांच्या हातात होत्या, हाही प्रश्न आहेच. त्यावर पुढे येतो.

पण मला या सगळ्यात आवडला तो अल्-उक्लीदिसी नावाचा माणूस. दमास्कसमध्ये ९५२ साली त्याने हिंदी गणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यात धूळपाटी सोडा, कागद आणि शाई घ्या, असं सांगितलं. कारणं मोठी मजेदार. एक, हातात धूळपाटी दिसली की लोकांना वाटतं, हा रस्त्यावर बसून भविष्य सांगणारा ज्योतिषी आहे. म्हणजे प्रेस्टीज इश्यू. दुसरं जास्त महत्त्वाचं. धुळीवर पायऱ्या पुसत पुसत पुढे जावं लागतं, त्यामुळे शेवटी उत्तर उरतं पण तिथे कसे पोचलो ते उरत नाही. चूक कुठे झाली ते शोधता येत नाही. म्हणून त्याने गुणाकार-भागाकाराच्या रीती अशा बदलल्या की काही पुसावंच लागू नये. आपण कागदावर जो हातचा बारीक अक्षरात वर लिहितो ना, ती सवय याच विचाराची नातलग. माझ्या मते तो व्हर्जन कंट्रोलचा पहिला पुरस्कर्ता आहे. आज्जीचा प्रश्न त्याच्याकडे हजार वर्षांपूर्वी आलेला होता आणि तो आज्जीच्या बाजूने होता.

आता उलट्या दिशेचा प्रवास. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी कर्नाटकात इक्केरीला होता. तिथे एका देवळाच्या ओसरीवर त्याने चार मुलं पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरून, सुरात धडा म्हणत, बोटाने आकडे लिहीत होती. मास्तर नाही. कागद वाया जाऊ नये म्हणून वाळू. जागा भरली की पुसायचं आणि नवी वाळू टाकायची. त्याने विचारलं, अडलं तर कोण सांगतं? मुलं म्हणाली, आम्हा चौघांना एकाच वेळी अडेल असं होत नाही. (स्टॅक ओव्हरफ्लोची कल्पना आणखी काय वेगळी आहे?)

पुढे दीडेकशे वर्षांनी अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. शिक्षक मिळत नव्हते, मिळाले ते टिकत नव्हते. एका सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना त्याला एक मलबारी शाळा दिसली, मुलं वाळूत बोटांनी अक्षरं गिरवत होती. त्याने हीच युक्ती आपल्या शाळेत आणायला सांगितली. शिक्षकांनी नाकं मुरडली. मग त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यालाच बारक्या मुलांना शिकवायला बसवलं आणि ते चाललं. १७९७ मध्ये लंडनला परतल्यावर बेलने यावर पुस्तिका छापली. त्याच सुमाराला जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या गरीब वस्तीत शाळा काढली होती. तिथे लहान मुलांसाठी वाळूची मेजं आणि मोठ्यांसाठी दगडी पाट्या. मोठ्या मुलाने लहानांना शिकवायचं, त्याचं नाव मॉनिटर. ही पद्धत जगभर गेली. गरिबांची शिक्षणव्यवस्था म्हणून तिचा बोलबाला झाला, पण मूळ मलबारी शाळेतल्या मास्तरांचं नाव काही कुठे आलं नाही.

आणि मग ती फिरून आपल्याकडेच आली! १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी सोसायटी निघाली. एल्फिन्स्टन गव्हर्नर होता. या सोसायटीने इथल्या मराठी शाळांसाठी शिफारस केली ती लँकेस्टरच्या पद्धतीची. म्हणजे पंतोजीच्या शाळेत जी धूळपाटी होतीच, ती पद्धत लंडनचा शिक्का मारून परत. आउटसोर्सिंग म्हणा की रीइम्पोर्ट म्हणा.

मोठा काळा फळा यानंतरचा. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला जॉर्ज बॅरनने १८०१ मध्ये, एडिंबराच्या शाळेत जेम्स पिलान्सने त्यानंतर काही वर्षांनी तो वापरल्याचं सांगतात. मुलांच्या हातातल्या पाटीपेक्षा भिंतीवरची पाटी मोठी, बस, एवढाच शोध. पण त्याने वर्गाची दिशा बदलली. सगळ्यांची तोंडं एकीकडे. इकडे तर फळा ही चैनच राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सरकारला मोहीम काढावी लागली, 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड'. मराठीत 'खडू-फळा'. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, खडू वगैरे साहित्य. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी शाळेला फळा मिळावा म्हणून मोहीम. माझी पिढी त्याच फळ्यांवर शिकली.

पाटीच्या पेन्सिलीचीही एक बाजू आहे, ती आपल्याला दिसत नाही. ती पेन्सिल यायची मध्य प्रदेशातल्या मंदसौरहून. दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या फुप्फुसात जायची. १९८० च्या दशकातल्या तपासण्यांत तिथल्या अर्ध्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस असल्याचं दिसलं, त्यात तरुणही होते. आपण ती पेन्सिल चघळायचो. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढे हीच पेन्सिल ठेवायचो.

व्हाइटबोर्ड त्या मानाने कालचा. कोरडा पुसता येणारा मार्कर १९७० च्या दशकात आला, आणि त्याच्याशिवाय पांढरा फळा म्हणजे ओलं फडकं घेऊन बसण्याचा उद्योग होता. या शाईची गंमत अशी की त्यात रंगाबरोबर एक तेलकट घटक असतो. अल्कोहोल उडून जातं, रंगाचा पातळ पापुद्रा उरतो, आणि तेलकट थरामुळे तो पृष्ठभागाला घट्ट धरत नाही. फडक्याने उचलला जातो. म्हणजे बघा, ती परत धूळच आहे. चुकून पर्मनंट मार्करने लिहिलं (मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं) तर त्यावरून साधा मार्कर गिरवा आणि लगेच पुसा. त्यातलं अल्कोहोल खालची शाई सोडवतं. आणि लिहिलेलं महिनाभर ठेवू नका. मेलामाइनवर भुतासारखी सावली राहते. माझ्या फळ्यावर २०२० च्या एका रिलीज प्लॅनची अजून आहे.

माझं खोलीतलं सजावटकाम चालू होतं तेव्हा आमच्याच जिल्ह्यात याहून मोठी गोष्ट घडली. सोलापूर शहरातल्या नीलमनगर या कामगार वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी शाळा बंद असताना घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुळाक्षरं, पाढे, शब्द, गणितं, शेकडो घरांच्या भिंतींवर. घरात स्मार्टफोन नाही, डेटा नाही, मग भिंत तरी आहे. मुलं गल्लीतून फिरत शिकायची. बातमी वाचली त्या दिवशी मी एका डायग्रॅमिंग टूलच्या सबस्क्रिप्शनवरून मॅनेजरशी भांडत होतो.

आता आज्जीचं.

आजोबा धूळपाटीवर शिकले होते, गावातल्या शाळेत. कारखान्यात त्यांच्याकडे हंगामात एक काम असायचं, फळा लिहायचा. साखर कारखान्यात आजही असा फळा असतो: आजचं गाळप, आजअखेर गाळप, साखर उतारा, पोती. रोज सकाळी कालचे आकडे पुसून आजचे लिहायचे. त्यांचा आठ फार सुंदर असायचा म्हणे. आम्हाला त्या सुंदर आठांपैकी एकही दाखवता येणार नाही, कारण ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी पुसले गेले.

आज्जीच्या हातात पाटी आलीच नाही. मुलगी, त्यात थोरली, भावंडं सांभाळायला घरी. पण हिशेब तिच्याकडेच होता. स्वयंपाकघराच्या दाराची मागची बाजू हा तिचा फळा. दुधाच्या रतीबाच्या रेघा कोळशाने. अर्ध्या लिटरला छोटी रेघ, लिटरला मोठी, खाडा असेल तर टिंब. उसनं दिलेलं पीठ-साखर यांच्यासाठी वेगळा कोपरा, प्रत्येक घराची वेगळी खूण. एका घराची खूण म्हणजे फक्त तीन ठिपके, कारण त्यांच्या दारात तीन पायऱ्या. महिना संपला की ओल्या फडक्याने पुसायचं. कुणीही तिला कधी रुपयाला फसवू शकलं नाही, हे वडील अजून सांगतात. तिला अक्षरओळख झाली ती १९९० च्या दशकात, साक्षरतेच्या वर्गात, साठीत. पाटी माझी होती. मी पहिलीत होतो आणि मला माझी पाटी आज्जीला द्यायची नव्हती, म्हणून मी रडलो होतो. हे मला आठवत नाही. तिला आठवायचं.

त्या संध्याकाळी मी तिला मार्कर दिला. म्हटलं, "लिही की." तिने टोपण काढलं, वास घेतला, नाक मुरडलं. मग फळ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तिचा हात पोचत होता तिथे, चार छोट्या रेघा, एक मोठी आणि एक टिंब काढलं. "आदितवारी भय्या आला न्हवता," म्हणाली.

"अगं, पण आता पिशवीचं दूध येतं ना आपल्याकडे."

"म्हनून काय झालं?"

आज्जी २०२२ मध्ये गेली. स्वयंपाकघराचं ते दार त्याआधीच, मी कॉलेजात असताना, ऑइलपेंट मारून आम्ही चकचकीत केलं होतं. तेव्हा कुणी फोटो काढला नाही. काढावा असं सुचलंही नाही, जुनाट काळं दार होतं ते. कपाटाच्या ज्या दाराचा फळा झाला त्याच्यावर काही होतं का, हेही मी एसआर लावण्याआधी नीट बघितलं नव्हतं.

हल्ली मी महिन्यातले पंधरा दिवस पुण्यात आणि पंधरा दिवस श्रीपूरला असतो. फळ्यावरची डिझाइनं पुसण्याआधी फोनवर फोटो काढतो, अल्-उक्लीदिसीला बरं वाटावं म्हणून. ते फोटो परत कधी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. खालचा उजवा कोपरा टीममेटला कॉलवर दिसला होता. त्याने विचारलं, "ते काय, बायनरी आहे का?" मी म्हटलं, दुधाचा हिशेब आहे.

तुम्ही करणार असाल तर परत सांगतो, दोन्ही बाजूंनी सनमायका लावा.